काकांनी मोजलेला कल

दोह्यातल्या अल नस्र भागात काकांच्या फ्लॅटची बेल मी पहिल्यांदा वाजवली, तेव्हा दार उघडून त्यांनी ना नाव विचारलं ना गाव. माझ्या हातात मिठाची एक पिशवी दिली आणि म्हणाले, वजन सांग. मी आलो होतो रूम बघायला. बाहेर ऊन रणरणतंय, शर्ट पाठीला चिकटलाय, आणि हा गृहस्थ मला दारात उभं करून मीठ तोलायला लावतोय. मी आपलं ठोकून दिलं, "अडीच किलो." ते आत गेले, काट्यावर पिशवी ठेवली, परत आले. "दोन. तुझ्या बोलण्यातला पाचवा हिस्सा वजा करायचा. ये, रूम बघ."

मला वाटलं गंमत असेल. गंमत कसली! त्या दिवसापासून मी त्या घरात जे काही बोललो, त्यातला पाचवा हिस्सा खरोखरच वजा झाला. बँकेत पन्नास माणसं होती म्हणालो की काका शांतपणे म्हणायचे, म्हणजे चाळीस. एकदा तापाने फणफणलोय म्हटलं, तर त्यांनी गोळी आणून दिली, पण आधी सुरीने तिचा एक कोपरा तोडून ठेवला.

त्यांना सगळे काकाच म्हणत. मूळचे कऱ्हाडचे. डिप्लोमा करून तरुणपणी कतारमध्ये मेसईदला खताच्या कारखान्यात आले आणि तीस वर्षं तिथली प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे तपासत राहिले. तपासायचं म्हणजे यंत्र जे सांगतंय ते खरं आहे का हे बघायचं, आणि खोटं असेल तर किती खोटं ते लिहून ठेवायचं. रिटायर झाल्यावर दोह्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये पुन्हा तेच काम धरलं. काकू कऱ्हाडला मुलाकडे असत, थंडीत दोन महिने येऊन घर घासूनपुसून जात. बाकीचे दहा महिने काका आणि त्यांची स्टिकरं.

स्टिकरं म्हणजे काय ते सांगतो. लॅबमध्ये यंत्र तपासलं की त्यावर हिरवं स्टिकर लावतात, तारीख आणि सही. काकांनी ती पद्धत घरी आणली होती. फ्रीज, इस्त्री, गाळणं, सगळ्यावर हिरवं स्टिकर. गीझरवर लिहिलेलं, "दोन डिग्री जास्त सांगतो." हॉलमधल्या घड्याळावर, "चार मिनिटं पुढे. माहीत आहे. हात लावू नये." मी म्हटलं, अहो काका, काटा मागे घ्या ना, मिनिटभराचं काम. तर म्हणाले, चूक माहीत असली की ती चूक राहात नाही, माहीत नसलेली तेवढी वाईट. मी त्या घरात होतो तोवर मनातल्या मनात चार मिनिटं वजा करत ऑफिसला पळालो.

आता माझ्या चुकीकडे येतो, कारण ती मला पक्की माहीत होती आणि तरी चूकच होती.

मी एका छोट्या मीडिया कन्सल्टन्सीत लागलो होतो. कतारमधला फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता, जगभरचे पेपर कतारबद्दल रोज काहीतरी छापत होते, आणि ते वाचून त्याचा गोषवारा क्लायंटना देणं हे आमचं काम. नोकरी सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. कन्फर्मेशनचं पत्र मिळालं तरच फॅमिली व्हिसाचा अर्ज भरता येणार होता, आणि नाशकात बायको नि चार वर्षांची मुलगी त्या पत्राची वाट बघत बसल्या होत्या. मुलगी तर रोज फोनवर विचारायची, विमान आज आहे का. आणि ही नोकरी मिळवताना मी अर्जात लिहिलं होतं, भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी, जर्मन.

जर्मन! नाशकात दोन महिने क्लासला गेलो होतो. मग बाईंचं लग्न ठरलं, त्या गेल्या बंगळूरला आणि क्लास बंद पडला. तोवर शंभरपर्यंत आकडे झाले होते. तेवढी माझी जर्मन. पण आपल्याकडे सगळेच एखादी भाषा जास्तीची लिहितात, कोण विचारायला येतंय, असा माझा हिशेब.

विचारायला आले. पाचव्या महिन्यात आमच्या जॉर्डनच्या मॅनेजरने एक तक्ता काढला. कामगारांच्या वसाहती चालवणारी एक कंपनी आमची क्लायंट होती. एका जर्मन साप्ताहिकाच्या बातमीदार बाईने त्यांच्याकडे वसाहत बघायची परवानगी मागितली होती. क्लायंटला जाणून घ्यायचं होतं, हे साप्ताहिक राजकारणात कुठल्या बाजूचं. तक्त्यात त्यासाठी एक खाना होता, आणि खान्यात निवडायला तीनच शब्द: डावं, उजवं, मधलं. मॅनेजर म्हणाला, हबीबी, जर्मन तुला येते, तीन आठवड्यांत अंक चाळ आणि एक शब्द निवड, खलास.

मी घरी येऊन काकांच्या पायावर लोळण घ्यायची तेवढी बाकी ठेवली. कारण काकांना खरोखरची जर्मन येत होती. मेसईदला नवीन यंत्रं बसवायला जर्मन इंजिनिअर आले होते, त्यांच्याबरोबर दोन वर्षं काढून नि मॅन्युअलं वाचून ते शिकले होते. त्यामुळे त्यांची जर्मन सगळी व्हॉल्व्ह, दाब आणि धोक्याच्या सूचना यांची. गुड मॉर्निंगसुद्धा ते असं म्हणत की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. पण वाचायचे अगदी पक्कं.

माझी सगळी कहाणी त्यांनी ऐकून घेतली. खोटं बोललास, म्हणाले, आणि पुढे त्यावर एक शब्द नाही. मदत करतो म्हणाले, पण एका अटीवर: कल नीट मोजायचा. कुणाची तरी सोय बघून आकडा टाकायचा नाही. मी म्हटलं, काका, आकडा नाही हो, नुसता एक शब्द. ते म्हणाले, तेच तर अवघड आहे.

त्या साप्ताहिकाचं नाव मी सांगत नाही. काका म्हणायचे, नाव ऐकलं की वाचणारा आधीच झुकतो. म्हणून त्यांनी सगळ्या मुखपृष्ठांवरचं नावही कागद चिकटवून झाकलं होतं. अंक त्यांच्या लॅबमधल्या एका जर्मन सहकाऱ्याने दिले होते, मोठा गठ्ठा. माझ्या ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर होतं, पण ते त्यांना चालेना. स्क्रीनला वजन नसतं, म्हणे.

पद्धत अशी. गेज तपासताना दाब आधी चढवत न्यायचा आणि रीडिंग घ्यायचं, मग उतरवत आणायचा आणि पुन्हा घ्यायचं. दोन्ही रीडिंगं कधी सारखी येत नाहीत. म्हणून काका प्रत्येक अंक आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि मग शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत. उलट वाचताना आधी क्रीडा, मग पुस्तकं, मग धंदा आणि सगळ्यांत शेवटी राजकारण. त्यांचं म्हणणं, सुलट वाचलं की माणूस चिडलेला असतो आणि धंद्याचं पान पण चिडून वाचतो. उलट वाचलं की राजकारणापर्यंत येईतो शांत झालेला असतो. मग पेन्सिलीने सगळी विशेषणं खोडायची आणि उरलेलं तिसऱ्यांदा वाचायचं. एक अंक तीन दिवस चालला. तीन आठवड्यांत गठ्ठा संपायचं काही लक्षण दिसेना आणि माझा जीव टांगणीला लागला.

बरं, मधेमधे निकाल विचारावा तर तो रोज बदलायचा. सोमवारी म्हणाले, डावीकडे झुकतंय. मी आनंदाने उठलो. बुधवारी म्हणाले, थांब, यांनी डाव्या पक्षाच्या मंत्र्याला असं सोललंय की बिचारा आठवडाभर घराबाहेर पडला नसेल. शुक्रवारी म्हणाले, उद्योगपतींबद्दल मात्र हात जरा मऊ. मी डोकं धरून बसलो.

शुक्रवारी जेवायला मारुती यायचा. मारुती परभणीकडचा, स्टेडियमच्या साइटवर क्रेन चालवायचा, राहायला बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत. आठवड्यातून एकदा काकांकडची भाकरी खाल्ली नाही तर त्याला क्रेन दिसत नाही, असं तो म्हणायचा. त्या शुक्रवारी काकांनी जेवण झाल्यावर एक लेख काढला, उन्हात काम करणाऱ्या कामगारांवरचा, आणि ओळ ओळ मराठीत सांगितला. मग मला विचारलं, कसा वाटला. मी म्हटलं, पक्का कतारविरोधी, यांना इथलं चांगलं काही दिसतच नाही. मारुतीला विचारलं. तो बोटं चाटत म्हणाला, "खरं हाय बगा. पन निम्मंच हाय. उनाचं लिवलंय ते खरं. माज्या दोगी बहिनींची लग्नं ह्याच उनात झाली, ते न्हाई लिवलं."

काकांनी दोन्ही लिहून घेतलं. मग स्वतःचं लिहिलं: मला राग आला. का आला ते शोधायला त्यांना अर्धा तास लागला. शेवटी म्हणाले, मी तीस वर्षं या देशाचं मीठ खाल्लंय, त्याला कुणी बोललं की माझा काटा हलतो. तू एसीत बसतोस, ऊन तुला लागत नाही, म्हणून तुझा हलतो. एकच पान आणि तीन रीडिंगं, म्हणजे पानात चूक असेलही, पण आपल्यात नक्की आहे. मोजायच्या आधी मोजणाऱ्याने आपलं शून्य कुठे आहे, म्हणजे आपला काटा आधीच किती झुकलेला आहे, ते सांगायला हवं. मारुतीने विचारलं, मग हे साप्ताहिक डावं का उजवं? काका म्हणाले, अजून माहीत नाही. मारुती म्हणाला, क्रेनला आम्ही एवढा टाइम दिला तर वर्ल्ड कप पुढच्या खेपेला होईल.

शेवटचा गुरुवार उजाडला तेव्हा मी पार पिसाटलो होतो. मॅनेजरने आदल्या दिवशी दारात गाठून सांगितलं होतं की डावं लिही, क्लायंटला तेच हवंय, त्या बातमीदार बाईला नाही म्हणायला सोपं जाईल, आणि रविवारी आठवडा सुरू होताच तुझ्या कन्फर्मेशनची फाइल पण माझ्या टेबलावर येतेय. मी सकाळी काकांवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, माझी पोर तिकडे विमान कधी म्हणून विचारते आणि तुम्ही इथे विशेषणं खोडत बसलाय, तुम्हाला काय पडलंय! काकांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि लॅबला निघून गेले. रात्री जागून त्यांनी पुरं केलं होतं. मला इतकी लाज वाटली की नाश्ता तसाच राहिला.

कागदावर इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगतो. "सामाजिक प्रश्नांवर हे साप्ताहिक मध्यापासून डावीकडे आहे. धंद्याच्या बाबतीत तितकं नाही, कधी कधी उजवीकडेही जातं. मतांची पानं बातम्यांच्या पानांपेक्षा जास्त झुकतात आणि मुखपृष्ठ सगळ्यांत जास्त. पण झुकणं हा याचा मुख्य स्वभाव नाही. खोड काढणं हा आहे. जो सत्तेवर असेल त्याची खोड काढतं, आपल्या आवडीचा असला तरी. कतारबद्दलचे तपशील तपासलेले दिसतात, विशेषणं जड आहेत. विशेषणं काढून वाचल्यास वजन खरं येतं."

मी मान खाली घालून ऑफिसला गेलो. खान्यात "डावं" निवडलं, कारण काहीतरी निवडल्याशिवाय तक्ता सेव्हच होत नव्हता. आणि शेजारच्या शेऱ्याच्या खान्यात काकांचा सगळा मजकूर उतरवला. दोन्ही डगरींवर पाय. धाडस म्हणावं तर ते नव्हतं आणि शरणागती म्हणावी तर तीही पुरती नव्हती.

रविवारी क्लायंटचे साहेब आले. पांढराशुभ्र पायघोळ अरबी थोब, हसरा चेहरा, वयाने साठीचे कतारी गृहस्थ. तक्ता वाचता वाचता त्या शेऱ्यावर थांबले. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघून खुशीत काहीतरी म्हणाले आणि मला एक अक्षर कळलं नाही. मॅनेजर कौतुकाने म्हणाला, साहेब जर्मनीत इंजिनिअरिंग शिकले आहेत, बोल ना हबीबी. साहेबांनी पुन्हा विचारलं, हळू, प्रेमाने. तोंडून काहीतरी बाहेर पडणं भाग होतं, आणि माझ्याकडे होतं तेच बाहेर पडलं.

मी जर्मनमध्ये म्हणालो, सत्तावीस.

साहेब थबकले. त्यांना वाटलं असावं उत्तर पुढे यायचंय, म्हणून त्यांनी मान हलवून वाट बघितली. मी अठ्ठावीस म्हणालो.

त्यानंतर मी सगळं कबूल केलं. अर्जातलं खोटं, क्लासच्या बाई, काका, तीन वेळा वाचलेले अंक, सगळं. मॅनेजरचा चेहरा पडला. साहेब मात्र हसायला लागले, ते डोळे पुसेपर्यंत. हसून झाल्यावर म्हणाले, बातमीदार बाईला येऊ द्या, विशेषणं आम्ही सोसू. आणि मॅनेजरला म्हणाले, या मुलाचं काय करायचं असा तुला प्रश्न पडला असेल, तर ज्या माणसाने या साप्ताहिकाबद्दल लिहिलंय त्यालाच याच्याबद्दल लिहायला सांग. मॅनेजरने मला गुरुवारपर्यंत मुदत दिली. काकांचा कागद बघून फाइल इकडे की तिकडे ते ठरणार होतं.

मी काकांना सांगितलं, विनवलं, काका, चांगलं लिहा हो, सगळं तुमच्या हातात आहे. ते म्हणाले, जसं आहे तसं लिहीन.

तो आठवडा मी जितका शहाण्यासारखा वागलो तितका जन्मात वागलो नाही. भांडी घासली, ओटा पुसला, खिडक्यांची धूळ काढली, काका दिसले की उभा राहायचो. तिसऱ्या दिवशी ते वैतागून म्हणाले, रीडिंग घेताना गेज हलवू नकोस. मग त्यांनी चौकशा सुरू केल्या. मारुतीला विचारलं. खालच्या बकालावाल्याला, म्हणजे वाण्याला, दूध नि ब्रेड मी रोखीने नेतो की उधारीने ते विचारलं. कहर म्हणजे नाशकात बायकोला फोन केला. तिचा मला फोन आला तो थेट असा, "तुला जर्मन येत नाही? लग्नाच्या बायोडेटात लिहिलं होतंस. माझ्या बाबांनी चार लोकांना सांगितलंय." मी म्हटलं, अगं, आकडे येतात. ती मग म्हणाली, काकांना मी खरं ते सांगितलंय, आता जे होईल ते होईल.

गुरुवारी सकाळी काकांनी पाकीट दिलं. उघडंच होतं. वाचायचं तर वाच म्हणाले. माझी छाती झाली नाही. मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं आणि समोर उभा राहिलो. त्याने ते इंग्रजी पत्र मोठ्याने वाचलं, बहुतेक मला शिक्षा म्हणून.

"या मुलाला जर्मन येत नाही. येते असं त्याने लिहिलं, ते खोटं. पकडला गेल्यावर दुसरं खोटं रचून त्याने ते झाकलं नाही. बोलतो मोठं, करतो त्याहून कमी, पण करतो. भांडी सांगितल्यावर घासतो, या आठवड्यातली धरू नयेत. मार्चमध्ये मी आजारी होतो तेव्हा दोन दिवस घरी राहून त्याने माझं केलं आणि ऑफिसात स्वतःचं पोट दुखतं असं कळवलं. हेही खोटंच. रोज संध्याकाळी मुलीला फोनवर गोष्ट सांगतो. गोष्ट चांगली सांगत नाही, पण एकही दिवस चुकवलेला नाही.

"सूचना: हा नोकरीत कायम झाला तर बायकोला आणि मुलीला आणेल आणि माझ्या घरातून जाईल. त्याने जाऊ नये असं मला वाटतं. त्यामुळे वर त्याच्याबद्दलचं चांगलं कमी लिहिलं गेलं असण्याचा संभव आहे. तेवढं वाढवून वाचावं."

मॅनेजरने कागद खाली ठेवला. त्या पोटदुखीबद्दल मला दोन शब्द सुनावले. मग विचारलं, हा माणूस तुझा कोण लागतो? घरमालक, मी म्हणालो. त्याने फाइल पुढे ओढली आणि सही केली.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा काका ओट्याशी भेंडी चिरत होते. सही झाल्याचं सांगितलं. बरं झालं, म्हणाले. मी तिथेच उभा राहिलो. शेवटी विचारलंच, "काका, मी जाऊ नये असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी मान वर केली नाही.

"इंग्रजीत लिहिलंय ना तेवढं," ते म्हणाले. "आता मराठीत बोलायला लावू नकोस."